राईच्या गडग्याबाहेर

“आई, तू चढ आधी. नुसता रुमाल टाकून लोक ऐकत नाहीत हल्ली, माणूस बसलेलं लागतं.”

हेमंत खातूचं हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. ज्या माणसाशी लग्न करावं की नाही याचा मी विचार करत होते, त्याचं मी नीट ऐकलेलं हे पहिलंच वाक्य. त्याआधी पोह्यांच्या कार्यक्रमात तो बराच वेळ सह्याद्रीवर बोलला होता, पण ते मला उद्देशून नव्हतं. बहुधा सह्याद्रीला उद्देशून असावं.

चिपळूणचा स्टँड, डिसेंबरातली सकाळ, आणि कासरवाडीची लाल गाडी फलाटाला लागलेली. त्याची आई, म्हणजे साठीच्या घरातल्या काकू, दोन्ही हातांत जेवणाच्या पिशव्या घेऊन त्या रेटारेटीत घुसल्या आणि मागच्या लांब बाकावर दोन्हीकडे हात पसरून बसल्या. वनस्नेही मंडळाच्या सभासदांची जागा दरवेळी अशीच धरली जाते, असं मला नंतर कळलं. खाली हेमंत आपण एसटीनेच का जातो ते सभासदांना समजावून सांगत होता.

“मोटारी घेऊन जायचं आणि झाडं बघायची, हा शुद्ध ढोंगीपणा आहे. जंगलाला भेटायला जायचं तर चार माणसांसारखं जावं.”

सभासदांनी माना डोलावल्या. त्यांच्यापैकी एकाकडेही मोटार नव्हती, त्यामुळे तत्त्व पाळणं कुणाला जड गेलं नाही. मग सगळे सावकाश चढले आणि काकूंनी धरून ठेवलेल्या बाकावर ऐसपैस बसले. काकू उठल्या आणि वरच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मी अंग चोरून त्यांना जागा करून दिली, तर हेमंत माझ्याकडे बघून प्रेमळ हसला.

“राहू दे हो, शुभदा. तिला सवय आहे.”

साल अठ्ठ्याऐंशी. मी शुभदा रेडीज, वय अठ्ठावीस, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि लाइन नीट लागली की नाही ते बघण्यापुरतं ऐकायचं. “साहेब आत्ताच बाहेर पडले” हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, की साहेब समोर खुर्चीत बसून हाताने नाही-नाही म्हणत असताना बोलणाऱ्याचा आवाज कसा येतो, ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. या विद्येचा लग्नाच्या बाजारात काही उपयोग नव्हता. तिथे मी अण्णांच्या किराणा दुकानातल्या, मागच्या फळीवर राहून गेलेल्या मालासारखी होते. धाकट्या वंदनाचं बाहेरच्या बाहेर ठरून गेलं होतं, मुलाकडचे थांबून थांबून कंटाळले होते, आणि मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही, हा अण्णांचा हट्ट काही सुटत नव्हता.

त्यात खातूंचं स्थळ चालून आलं. मोठं घर, मुलगा बँकेत अधिकारी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, वर निसर्गप्रेमी. अण्णा म्हणाले, “नको म्हणायचं तर म्हण. पण मला कारण सांग.” कारण माझ्याकडे नव्हतं. मी एवढंच म्हटलं की हा माणूस मला बैठकीच्या खोलीबाहेर बघायचाय. हे हेमंतच्या कानावर गेलं, आणि त्याला ते फारच आवडलं. ‘माणूस ओळखायला जंगलासारखी जागा नाही. येत्या रविवारी आमच्याबरोबर कासरवाडीच्या राईत या, आई सोबत असेलच,’ असा निरोप आला. संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, अण्णांनी स्टँडवर यायचं आणि हो की नाही ते तिथेच सांगून टाकायचं, असं ठरलं. अण्णांनी आदल्या दिवशीच पेढ्यांचा पुडा आणून दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवला होता. मला दिसेल असाच ठेवला होता.

गाडी घाट चढून, वळणं घेत घेत, कासरवाडीच्या शाळेपाशी जाऊन थांबली. तिच्यापुढे रस्ताच नव्हता. कापणी झालेल्या भातखाचरांतून पायवाट जात होती आणि पलीकडच्या उतारावर राई काळीशार दिसत होती. आजूबाजूचे डोंगर बोडके, आणि मधेच एवढी एक दाट झाडी. तिच्यात कुणी कधी कोयता घातला नव्हता, म्हणून ती राहिली होती. जुनी म्हणजे किती जुनी, ते गावात कुणाला माहीत नव्हतं. हेमंतने मात्र गाडीतच तिचं वय जाहीर करून टाकलं होतं.

तो शिट्टी आणि काठी घेऊन पुढे. पायात त्याच्या मेहुण्याने मस्कतहून आणलेले जाड तळव्यांचे बूट. कातडं मऊ राहावं म्हणून त्याला चरबी चोळलेली होती, आणि ती कुणी चोळली असेल हे विचारायची गरज नव्हती. त्याच्यामागे सभासद. सगळ्यात शेवटी पिशव्या घेऊन काकू. मी एक पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“शुभदा, पुढे या,” हेमंत ओरडला. “इथून राईचा पूर्ण आकार दिसतो.”

“मला इथूनही दिसतोय,” मी म्हटलं. काकूंनी माझ्याकडे चटकन पाहिलं आणि मान खाली घातली.

राईला जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता आणि त्यात एक माणूस जाईल एवढी फट. हेमंत त्या फटीत वळून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. त्यामुळे त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणाला आत जाता येईना.

“हा गडगा ओलांडला की आपण सोमजाई देवीच्या हद्दीत. आत पायात काही घालायचं नाही. आतलं वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत खोटं बोलायचं नाही. गावातली भांडणं कोर्टात जात नाहीत, इथे येतात. माणसाला आत उभं करायचं आणि विचारायचं. केवढी थोर लोकपरंपरा आहे बघा. माझ्या आईचं माहेर हेच गाव, त्यामुळे हे सगळं माझ्या रक्तातच आहे.” मग त्याने आवाज जरा खाली आणला. “अनवाणी चाललं ना, की माती आपल्याशी बोलायला लागते. बूट म्हणजे माणसाच्या अहंकाराची पहिली पायरी.”

साने वहिनी म्हणाल्या, “किती सुंदर बोललात.” त्या कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि हेमंतच्या प्रत्येक वाक्यानंतर काहीतरी म्हणायच्या. हेमंतने अहंकाराच्या पायऱ्या पायातून काढल्या आणि इकडेतिकडे पाहिलं. सगळे आत शिरू लागले, तसा तो काकूंजवळ आला. हळू आवाजात बोलला, पण माझा कान तयार होता.

“आई, तू इथेच बस. मस्कतचे आहेत. गावात काही सांगता येत नाही.”

काकूंनी एका पायातली चप्पल काढलेली होती. त्यांनी तो पाय परत चपलेत घातला आणि गडग्याला टेकून बसल्या. बूट त्यांनी मांडीशी ओढून घेतले.

आत गेल्यावर मात्र माझी वाचा बसली, ते कबूल करायला हवं. बाहेर ऊन होतं आणि आत संध्याकाळ. बेहडा आणि सातवीण इतके उंच, की शेंडा बघायला मान मोडून घ्यावी लागे. गारंबीचा वेल मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, आणि त्याच्या हातभर लांब शेंगा डोक्यावर लोंबत होत्या. पायाखाली पाचोळा ओला, थंड. कुणाला काही समजावून सांगावं असं त्या जागेत काहीच नव्हतं. हेमंतला ते पटण्यासारखं नव्हतं.

“आई नाही आल्या?” साने वहिनींनी विचारलं.

“तिचे गुडघे दुखतात,” हेमंत म्हणाला. “म्हणाली, मी बाहेरच बसते. मी किती आग्रह केला.”

अनवाणी उभा राहून, बेहड्याखाली, गडग्याच्या आत. नियम सांगून त्याचा घामसुद्धा वाळला नव्हता. मी वर पाहिलं, एखादी फांदी तरी हलते का म्हणून. काही झालं नाही. सोमजाईला सहनशक्ती दांडगी असावी.

पुढे सगळे एका मोकळ्या जागेत गोल करून बसले. आता जंगलाचं मौन ऐकायचं होतं. डोळे कसे मिटायचे, श्वास कसा सोडायचा, मनातले शब्द कसे गळू द्यायचे, हे हेमंत अखंड सांगत होता. साने वहिनी डास मारता मारता म्हणाल्या की त्यांना इथे कायमचं राहावंसं वाटतंय. एका वकिलांनी मौन ऐकू येत असल्याचं मान हलवून सांगितलं. मी हळूच उठले आणि आल्या वाटेने परत गडग्यापाशी आले.

काकू तशाच बसल्या होत्या, बूट मांडीशी धरून, राईकडे तोंड करून.

“तू गो कशाला आलीस?”

“तिकडे मौन चाललंय. फार आवाज होतो.”

त्या हसल्या नाहीत, पण त्यांचं तोंड जरा सैल झालं.

“तुमचं माहेर ना हे?” मी विचारलं.

“हो. त्या माडांच्या मागे घर. भाऊ होता तोवर यायचे. आता कुलूप.”

“मग तुम्ही आत नाही यायचं तर कोणी?”

“बूट आहेत ना.”

“बसू देत की एकटे. मोठे झालेत ते आता.”

यावर मात्र त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसल्या. मी बूट उचलले आणि गडग्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी मांडून ठेवले. काकूंनी चपला काढल्या, जोडीने नीट लावल्या, वाकून उंबऱ्याच्या दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरल्या.

त्यानंतर त्यांना गाठता गाठता माझ्या नाकी नऊ आले. दुखऱ्या गुडघ्यांचा कुठे पत्ता नव्हता. वनस्नेही मंडळाची वाट सोडून त्यांनी मला डावीकडे नेलं, एका झऱ्याचं पाणी ओंजळीने पाजलं, गारंबीचा एक वेल हाताने थोपटून “इथे आम्ही झोके घ्यायचो, दोन-दोन पोरी एका वेळी” असं सांगितलं. आवाजच बदलला होता त्यांचा. स्टँडवर ऐकलेल्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. मला एकदम फार बरं वाटलं, आणि सासू अशी मिळणार असेल तर बाकीचं चालवून घेता येईल, असंही एकदा मनात येऊन गेलं. असल्या विचारांवरच बायकांची लग्नं होतात.

मोठ्या सातविणीखाली एक सपाट दगड होता. काकू त्याच्यापाशी थांबल्या.

“इथे मुलाकडच्यांना आणत,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“कासरवाडीची मुलगी बाहेर द्यायची असली ना, की मुलाच्या आईला आत आणायचं. आई नसली तर चुलतीला. या दगडावर उभं करायचं आणि मुलीच्या घरच्यांनी एकदाच विचारायचं, मुलगा कसा आहे. बस्स, दुसरं काही नाही.”

“आणि आई खरं सांगायची?”

“जिवावर यायचं बिचारीच्या. पण सोमजाईच्या समोर काय करील? सांगायची, नाहीतर गप राहायची. गप राहिली की मुलीकडचे समजून जात. नारळ परत.”

“तुमच्या वेळी कोण उभं राहिलं?”

काकूंनी सातविणीच्या सालीवर हात ठेवला.

“माझ्या वेळी खातू म्हणाले, आम्ही चिपळूणची माणसं, असलं काही मानत नाही. मोठं घर. आबांनी, माझ्या वडिलांनी, जोर केला नाही.” मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

फळीवरचा पेढ्यांचा पुडा आठवला, वंदना आठवली, ‘कारण सांग’ म्हणणारे अण्णा आठवले. या बाईने मला इथे का आणलं, ते तिला ठाऊक होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. पण आमच्या घरचं दुसरं कुणी इथे नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं होतं.

“काकू,” मी म्हटलं, “मग मीच विचारते. हेमंत कसा आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दगडावर त्या उभ्या नव्हत्या, दगडाच्या कडेला उभ्या होत्या, पण अनवाणी होत्या आणि आत होत्या.

“मी आई आहे गो त्याची,” त्या म्हणाल्या.

एक मोठ्या चोचीचा ककणेर पक्षी डोक्यावरून पंखांचा जाड आवाज करत गेला. पलीकडून हेमंतचा आवाज येत होता, श्वास आत, श्वास बाहेर. काकूंनी त्या दिशेला एकदा पाहिलं. ओठ उघडले, मिटले. दोन्ही तळवे पदराला पुसले, जसं काही हाताला पीठ लागलंय.

“चल,” त्या म्हणाल्या. “बाहेर जाऊन सांगते.”

त्या पुढे आणि मी मागे. आता त्या सावकाश चालत होत्या. गडग्याच्या फटीतून बाहेर पडल्या, पायाला लागलेला पाचोळा एकेक करून काढला आणि आत टाकला, पाय पुसले, आणि एक चप्पल घातली. मग दुसरी घातली. मग माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि थेट माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या.

“माझा हेमंत लाखात एक आहे. फुलासारखं जपेल तुला.”

तो आवाज मी ओळखला. साहेब आत्ताच बाहेर पडले.

“ऐकलंस?” काकूंनी विचारलं.

“ऐकलं.”

“नीट?”

“नीट ऐकलं, काकू.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्या दंडावरून एकदा हात फिरवला. मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात माझं लक्ष गडग्याकडे गेलं आणि रडू राहून गेलं. माथ्यावर एकच बूट होता.

खालच्या खाचरात एक तांबडा कुत्रा उन्हात ऐसपैस पसरला होता आणि दोन्ही पंजांत दुसरा बूट धरून डोळे मिटून चावत होता. इतका सुखी प्राणी त्या दिवशी मी दुसरा पाहिला नाही. काकूंनीही त्याला पाहिलं. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही.

“चरबी मीच चोळली होती,” काकू म्हणाल्या.

“चांगली चोळली होती,” मी म्हटलं.

मौन आटोपून मंडळ बाहेर आलं तेव्हा कुत्र्याचं काम संपत आलं होतं. हेमंतने दगड मारून त्याला हुसकलं आणि बूट आणला. जीभ गेली होती, टाच गेली होती, राहिलं होतं त्याला बूट म्हणायला बरीच माया हवी होती. तो काकूंपाशी आला. सभासद बघत होते म्हणून चेहऱ्यावरचं हसू त्याने तसंच ठेवलं होतं.

“एक काम सांगितलं होतं तुला. एक.”

“बूट मी वर ठेवले होते,” मी म्हटलं. “त्यांना आत मीच नेलं.”

“नाही हो, तुमचा काय दोष,” तो माझ्याशी गोड बोलला आणि पुन्हा आईकडे वळला. “गुडघे दुखतात ना तुझे? मग आत कशाला कडमडायला गेलीस? घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे.”

शेवटचं वाक्य त्याने दात न उघडता म्हटलं. काकूंचा उजवा हात आपोआप वर आला आणि डाव्या मनगटावर जाऊन बसला, झाकल्यासारखा. साने वहिनी एका झाडाचं खोड फार बारकाईने बघायला लागल्या. वकिलांनी नाव विचारलं त्या झाडाचं. सगळ्या सभासदांना एकाएकी झाडांत भलताच रस उत्पन्न झाला.

जेवणं झाली. हेमंत जेवला नाही, म्हणजे आधी नको म्हणाला आणि मग काकूंनी दोनदा विनवल्यावर सगळ्यांपेक्षा जास्त जेवला. निघायची वेळ आली. शाळेपर्यंत खाचरांतून जायचं होतं आणि कापलेल्या भाताची खुंटं सुयांसारखी उभी होती. माती बोलायला तयार होती, पण ज्याला ऐकायचं होतं त्याने दोन पावलं टाकली आणि पाय वर उचलला. मग त्याने काकूंच्या पायांकडे पाहिलं.

“दे त्या इकडे. तुला सवय आहे.”

काकूंनी चपला काढून दिल्या. त्यात त्याचे पाय मावले नाहीत, टाचा मागे बाहेर आल्या, पण तो गेला. हातात काठी, गळ्यात शिट्टी, पायात आईच्या चपला. मी माझ्या काढायला लागले, तर काकूंनी माझा हात धरला.

“राहू दे. आज अनवाणीच बरं वाटतंय.”

खुंटांतून त्या सगळ्यांच्या मागून चालत आल्या. एकदाही हुं का चूं केलं नाही त्यांनी. मीच दोन-तीनदा डोळे पुसले, आणि त्याचं कारण कापणीची धूळ असं साने वहिनींना सांगितलं. आम्ही राईच्या बाहेर होतो.

परतीच्या गाडीत मी पहिली चढले. खिडकीपाशी काकूंना बसवलं आणि शेजारी मी बसले. हेमंत मागच्या बाकावरून वस्तूंचा मोह कसा सोडावा, यावर बोलत होता. कुत्र्याने आपल्याला आज मोठा धडा दिला असं तो म्हणाला, आणि साने वहिनींनी ते वहीत टिपून घ्यावं असंही सुचवलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. माडांमागचं ते कुलूप लावलेलं घर दिसेनासं होईपर्यंत त्यांनी मान वळवून पाहिलं.

चिपळूणला दिवेलागण झाली होती. अण्णा चौकशीच्या खिडकीपाशी उभे होते, धुतलेला शर्ट, हातात पिशवी, पिशवीत पुड्याचा चौकोन. हेमंत लांबूनच हात जोडून हसला.

“काय रेडीजकाका, फोडायचा ना पुडा?”

अण्णांनी मला बाजूला घेतलं. “काय सांगू गं त्यांना?”

“तुम्ही कारण मागितलं होतं ना, अण्णा? काकूंच्या पायांकडे बघा.”

त्यांनी पाहिलं. दोन्ही तळव्यांच्या कडांना रक्त सुकलेलं होतं.

“चपला कुठे गेल्या बाईंच्या?”

“त्यांच्या मुलाच्या पायात आहेत.”

अण्णांनी हेमंतच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आयुष्यभर माल हातात घेऊन पारखणारा माणूस, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पिशवीची दोन्ही टोकं जुळवून गाठ मारली.

“वंदनाचं आधी करून टाकू,” ते म्हणाले. “माझाच हट्ट खुळा होता.”

मग हेमंतपुढे जाऊन त्यांनी हात जोडले आणि पत्रिका नीट जुळत नसल्याचं सांगितलं. हेमंतचं हसू पहिल्यांदाच गेलं. असं काही आपल्या बाबतीत होऊ शकतं, याची त्याने कधी कल्पनाच केली नव्हती. त्याने आईकडे वळून पाहिलं.

“तू काही बोललीस का हिच्याशी?”

“बोलले,” काकू म्हणाल्या. स्टँडच्या फरशीवर त्या अनवाणी उभ्या होत्या. “तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं मी तिला. तिलाच विचार.”

“काय म्हणाली आई?” त्याने मला विचारलं.

“लाखात एक आहे, म्हणाल्या. फुलासारखं जपेल, म्हणाल्या.”

“मग?” तो म्हणाला. “आणखी काय हवं तुम्हाला?”

मी काकूंकडे पाहिलं आणि काकूंनी माझ्याकडे. राईचे नियम सकाळी सगळ्यांना समजावून सांगणारा तो माणूस आईच्या चपला घालून आमच्या दोघींच्या मधे उभा होता. आई हे कुठे उभी राहून म्हणाली, एवढं मात्र त्याने विचारलं नाही.